वाचक विचारतात : वाळवी चौकटीत, वारूळ टेकडीवर

प्रश्न : कोथरूडला तळमजल्यावर राहतो. दाराच्या सागवानी चौकटीला वाळवी लागली आहे. वेताळ टेकडीवरच्या वारुळांतूनच ती येत असेल का?

उत्तर : बहुधा नाही. उभी, कंगोरेदार वारुळं बांधते ती ओडोन्टोटर्मिस ओबेसस ही वाळवीची जात. पालापाचोळा, साल, वाळकं लाकूड नेऊन ती वारुळात बुरशी पिकवते. चौकटींच्या बाबतीत आमचा पहिला संशय कॉप्टोटर्मिस हेमी या दुसऱ्या जातीवर. तिला वारूळ लागत नाही. जुन्या झाडाचं पोकळ खोड, जमिनीत राहिलेला बुंधा, तोही नसेल तर नुसती ओल धरलेली माती तिला पुरते. बुरशीचीही गरज नाही. लाकूड पचवायला आतड्यातले एकपेशीय जीव असतात. तेव्हा टेकडीपेक्षा अंगणातला तोडलेल्या झाडाचा बुंधा आधी तपासा.

खात्री करायची तर चौकटीवर वाळवीने बांधलेली मातीची नळी दोनेक इंच फोडा. पिवळसर डोक्याचा, विळ्यासारख्या जबड्यांचा सैनिक, म्हणजे राखण करणारी वाळवी, चिमट्यात धरा. कपाळावरच्या छिद्रातून दुधासारखा थेंब आला, तर कॉप्टोटर्मिसच.

आणि सागाचं म्हणाल, तर वाळवीला दाद देत नाही तो गाभा. बाहेरचं पांढरट लाकूड ती खुशाल खाते, आणि स्वस्तातल्या चौकटीत तेच जास्त असतं.

प्रश्न : जमिनीत भोकं पाडून औषध सोडलं, तरी वर्षभरात वाळवी परत आली. असं का?

उत्तर : बहुतेक वेळा ड्रिल काँक्रीटमध्येच थांबलेलं असतं. औषध मातीत मुरायला हवं. भिंत आणि फरशीच्या सांध्याला दर ३० सेंटिमीटरवर १२ मिलिमीटरचं भोक घ्या. ड्रिलच्या टोकाला माती लागली पाहिजे. भोकात एक लिटरपर्यंत द्रावण हळूहळू सोडा. भसकन ओतलं तर फरशीवर परत येतं. औषध क्लोरपायरीफॉस २० टक्के असेल तर १ लिटरला १९ लिटर पाणी, इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरभर पाण्यात २.१ मिली. दुसरी हमखास चूक म्हणजे ओट्याखालचा आणि भिंतीतल्या कपाटामागचा पट्टा सोडून देणं. वाळवीला तेवढी फट पुरते. आवारात विहीर किंवा बोअर असेल, तर कामाआधीच कंत्राटदाराला सांगा.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाली वाळवी येते. फवारणी करावी का?

उत्तर : नको, दिवा बंद करा. मात्र बंद खिडकीच्या आत, कट्ट्यावर, एकसारख्या लांबीच्या पंखांचा खच पडला असेल, तर ती घरातूनच निघालेली असण्याची शक्यता मोठी. मग चौकटी ठोकून पाहा. पोकळ आवाज येईल तिथून काम सुरू करा.