लॉग टेबल रिकामं आहे, पण ट्रिगर चालतोय

तुमचा पोस्टग्रेस डेटाबेसमधला बिफोर अपडेट ट्रिगर (रो बदलण्याआधी आपोआप चालणारं फंक्शन) मर्यादेबाहेरची पगारवाढ दिसली की आधी लॉग टेबलात नोंद टाकतो आणि मग रेझ एक्सेप्शन करून, म्हणजे मुद्दाम एरर देऊन, अपडेट अडवतो. अपडेट अडतं, पण लॉग कोरा. म्हणून ट्रिगर चालतच नाही, असं तुम्ही धरून चाललात.

चालतोय तो. लॉगमध्ये हातानं एक ओळ घाला आणि तिचा सीरियल आयडी बघा. मधले आकडे गळलेले दिसतील. रोलबॅक झाला, म्हणजे बदल मागे घेतले गेले, तरी सीक्वेन्सनं (आयडीचे आकडे पुरवणाऱ्या मोजणीनं) एकदा दिलेला आकडा परत जात नाही. म्हणजे तुमचा इन्सर्ट झाला होता, नंतर पुसला गेला.

ट्रिगरला स्वतःचं वेगळं ट्रॅन्झॅक्शन (एकत्र टिकणारा किंवा एकत्र रद्द होणारा बदलांचा गठ्ठा) नसतं. ज्या अपडेटनं त्याला उठवलं, त्याच्याच ताटात तो जेवतो. एक्सेप्शन आलं की ते अपडेट आणि ट्रिगरनं केलेलं सगळं एकदमच जातं. वर बिगिननं ट्रॅन्झॅक्शन उघडलेलं असेल तर पुढच्या प्रत्येक क्वेरीला ‘ट्रॅन्झॅक्शन अबॉर्टेड’ ऐकावं लागतं. सुटका रोलबॅकनं, किंवा आधी सेव्हपॉइंट (परत येण्यासाठीची मधली खूण) ठेवला असेल तर तिथपर्यंत मागे जाऊन.

ओरॅकलवाल्यांची इथं चैन आहे, त्यांना ऑटोनॉमस ट्रॅन्झॅक्शनचा प्राग्मा मिळतो: कोडमधली अशी सूचना, की नोंद मुख्य ट्रॅन्झॅक्शनपासून वेगळी टिकते. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे डीबीलिंक: दुसरं कनेक्शन उघडून त्यातून नोंद टाकायची. चालतं, पण प्रत्येक वेळी कनेक्शनचा खर्च, आणि पहिल्या कनेक्शनचे कमिट न झालेले, म्हणजे अजून पक्के न झालेले, बदल त्या दुसऱ्याला दिसत नाहीत.

एक्सेप्शनऐवजी रिटर्न नल केलंत तर ती रो गुपचूप वगळली जाते आणि लॉग टिकतो. मला हा मार्ग आवडत नाही. ॲपला ‘अपडेट ०’ एवढंच कळतं, आणि ते तपासायचे कष्ट कोण घेतो? मी असतो तर एक्सेप्शन ठेवलं असतं, ॲपमध्ये ते पकडून रोलबॅक केला असता आणि नोंद नव्या ट्रॅन्झॅक्शनमध्ये टाकली असती. कुणी ॲप टाळून थेट पीएसक्यूएलमधून (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवरून) उद्योग केला तर ही नोंद होणार नाही. त्यासाठी ट्रिगरमध्ये रेझ लॉगची एक ओळ ठेवा. सर्व्हरच्या लॉग फाइलला रोलबॅक लागत नाही.

आणि त्याच ट्रिगरमधून एचआरला मेल पाठवायचा बेत आहे, तो सोडा. एका ठिकाणी आम्ही ट्रिगरमधून थेट एसएमएस सोडायचो. जमा नोंद रोलबॅक झाली, ‘रक्कम जमा’चा एसएमएस मात्र खातेदाराच्या हातात. दोन दिवस फोन घेत बसलो. मंजूर वाढीचा मेल हवा असेल तर ट्रिगरमधून नोटिफाय करा आणि तो निरोप ऐकणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमला मेल पाठवू द्या; तो निरोप कमिट झाल्यावरच बाहेर पडतो.