फ्रेंचवेडी अमेरिकन मैत्रीण आणि आपलं अहो-जाहो

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत राहते. माझी ऑफिसमधली अमेरिकन मैत्रीण फ्रेंचची प्रचंड वेडी आहे, दोन वर्षं रोज मोबाइलवर अॅप लावून शिकतेय, घरी क्रेप करते, फ्रेंच गाणी लावते. एप्रिलमधे पॅरिसला गेली आणि अगदी हिरमुसून परत आली. म्हणते बेकरीत कुणी धड बोललंच नाही, मी फ्रेंचमधे विचारलं तरी इंग्लिशमधे उत्तर. आता ती मला म्हणतेय आपण दोघी क्लास लावू. मी 46 वर्षांची आहे, जमेल का? आणि फ्रेंच लोक खरंच एवढे तुसडे असतात का?

उत्तर : मैत्रिणीला आधी एकच विचारा, दुकानात शिरल्या शिरल्या बोंजूर, म्हणजे नमस्कार, म्हणालीस का? बहुतेक नसेल म्हणाली. अमेरिकेत आत शिरताना छान हसलं आणि लगेच ऑर्डर दिली तरी चालून जातं, फ्रान्समधे आधी 'बोंजूर मादाम', मग जरा थांबायचं, समोरून बोंजूर येऊ द्यायचं आणि मगच क्रुआसाँ मागायचा. ते गाळून थेट मागितलं तर हुकूम सोडल्यासारखं वाटतं त्यांना, म्हणजे हिला ते तुसडे वाटले तसं त्यांना हीच तुसडी वाटली असणार! निघतानाही मेर्सी (धन्यवाद), ओ रव्वार (येते) म्हणायचंच. आणि इंग्लिशमधे उत्तर आलं तर मनाला लावून घेऊ नये, मागे रांग असते, त्यांना वाटतं हिला सोपं जाईल. तिने आपलं फ्रेंच सोडू नये एवढंच.

आता तुमचं. वयाचं म्हणाल तर ज्युलिया चाइल्ड आठवा, जिने अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवला. 1948 च्या नोव्हेंबरमधे ती फ्रान्सच्या ल हाव्र बंदरात उतरली तेव्हा 36 वर्षांची होती, शाळेत फ्रेंच शिकलेली, तरी समोरचा काय बोलतोय ते कळत नव्हतं. तिथून पुढे रुआँ या शहरात पहिलं जेवण झालं, लोण्यात परतलेला सोल मासा, तिथे ऑर्डरसुद्धा नवऱ्याने दिली. पण त्या जेवणाने तिचं आयुष्यच फिरलं. तिने भाषेचा क्लास लावला, पॅरिसच्या बाजारात विक्रेत्यांशी रोज बोलत राहिली, 1949 मधे ल कोर्दाँ ब्ल या पाककलेच्या शाळेत स्वयंपाक शिकायला गेली, 1961 ला तिचं आणि दोन फ्रेंच मैत्रिणींचं जाडजूड पुस्तक आलं आणि 1963 ला, म्हणजे पन्नाशीत, बॉस्टनहून तिचा टीव्हीवरचा कार्यक्रम सुरू झाला. मग 46 ला काय झालंय?

उलट तुमच्याकडे मैत्रिणीपेक्षा जास्त शिदोरी आहे. तिच्या भाषेत एकच 'यू', त्यामुळे फ्रेंचमधलं त्यू आणि वू तिला पाठ करावं लागतं, आपल्याला ते तू आणि तुम्ही म्हणून घरातच मिळालंय. त्यासाठी फ्रेंचमधे चक्क क्रियापदं आहेत, त्युत्वाये म्हणजे अरे-तुरे करणं आणि वूव्वाये म्हणजे अहो-जाहो करणं, मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतका आनंद झाला होता की काय सांगू. फक्त एक लक्षात ठेवा, आपण दुकानातल्या विशीतल्या पोराला सहज तू म्हणतो, तिथे त्यालाही वूच.

उच्चारातही तसंच. फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच दातांना जीभ लावून, अमेरिकन माणसाचा तिथे ट-ड होतो. नाकातले स्वर मात्र ऐकून ऐकूनच बसतात, घरात कुणी मालवणी किंवा कोकणी बोलणारं असेल तर कान तयार असतो. नामांना लिंग असतं हेही तुम्हाला नवीन नाही, फक्त आपली तीन आणि त्यांची दोन, खुर्ची तिथेही ती पण टेबलसुद्धा तीच, ते मात्र पाठ करावं लागेल. तेव्हा क्लास लावाच, आणि घरी एकमेकींशी मोठ्याने बोला, नुसतं अॅपवर बोटं फिरवून तोंड उघडत नाही.

प्रश्न : मुलगा टेक्सासमधे शाळेत फ्रेंच शिकतोय, 70 च्या पुढे आकडे आले की रडतो. काही युक्ती?

उत्तर : आहे ना, आणि ती आपल्या गावात आहे! फ्रेंचमधे सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे कात्र-व्हँ, अक्षरशः चार-वीस, आणि नव्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. आपल्याकडे जुनी माणसं चार विसा म्हणायची ना, तेच हे. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधे सत्तरला सेप्ताँत, नव्वदला नोनाँत असे सुटसुटीत शब्द आहेत, पण शाळेत बहुधा फ्रान्सचेच शिकवतील. गावाकडे आजी असेल तर व्हिडिओ कॉल लावा, तिला नारळ विसांमधे मोजायला सांगा आणि पोराने तोच आकडा फ्रेंचमधे म्हणायचा.