फायली परत आल्या, पण कुणाच्या ते कळेना

प्रश्न: आमच्या कॉलेजात नेक्स्टक्लाउडचा (फायली ठेवायचं, शेअर करायचं सॉफ्टवेअर) स्वतःचा सर्व्हर आहे, ९०० च्या आसपास युजर, डेटा ११ टीबी. रोज रात्री ११ ला मेंटेनन्स मोड लावून (म्हणजे युजरना वापर बंद करून) आरसिंक या कॉपी करायच्या प्रोग्रॅमने सगळं दुसऱ्या मशीनवर कॉपी करतो. आधी पहाटे ३ पर्यंत उरकायचं, आता सकाळचे ९ वाजले तरी चालूच असतं आणि प्राध्यापकांचे फोन सुरू होतात. मेंटेनन्स मोड न लावता कॉपी केलं तर चालेल का? आणि डेटाबेस वेगळा घ्यावा लागतो का, तो तर जेमतेम ६ जीबीचा आहे.

उत्तर: आधी त्या ६ जीबीचं बोलू, कारण तुमचा जीव त्यात आहे. कुठली फाईल कुणी कुणाला शेअर केली, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, टॉक ॲपमधलं चॅट, सगळं डेटाबेसात असतं. उद्या स्टोरेज एस-थ्री पद्धतीचं (फोल्डरऐवजी नुसत्या नंबरांनी फायली साठवणारं) केलंत तर फायलींची नावंसुद्धा तिथेच, डिस्कवर नुसते ओआयडीचे (ओळख क्रमांकाचे) नंबर दिसतील, कुठला नंबर कुणाचा प्रोजेक्ट ते देवालाच ठाऊक. म्हणजे डेटाबेसचा डंप (सगळा डेटाबेस एका फाईलमधे उतरवून घेणं) रोज हवाच, आणि सोबत कॉन्फिग फोल्डरही, त्यातलं सीक्रेट आणि पासवर्ड सॉल्ट (सर्व्हरचे गुप्त कोड) हरवलं तर रिस्टोर करताना नाकी नऊ येतात.

आता मेंटेनन्स मोड. तो काढू नका, फक्त आखडता घ्या. आरसिंकला वेळ कॉपी करायला कमी आणि लाखो बारीक फायली (त्यात थंबनेलच किती!) बदलल्यात का हे बघायलाच जास्त लागतो. त्यामुळे मोड लावायचा, डेटाबेसचा डंप घ्यायचा, डेटा डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची गोठवलेली प्रत) घ्यायचा, मोड काढायचा, हे काही मिनिटांत होतं, आणि मग त्या स्नॅपशॉटवरून कॉपी दुपारपर्यंत चालली तरी कुणाला पत्ता लागत नाही. डिस्कवर झेडएफएस ही फाईलसिस्टिम असेल तर उत्तमच, बदललेला भागच पलीकडे पाठवता येतो, फायली मोजत बसावं लागत नाही. एलव्हीएम (लिनक्सची डिस्क वाटून देणारी सोय) असेल तर त्याच्या डिस्कच्या ग्रुपमधे मोकळी जागा भरपूर ठेवा, स्नॅपशॉटची जागा भरली की तो बाद होतो. मोड न लावता चालत्या सर्व्हरची कॉपी केलीत तर डेटाबेस ११ वाजताचा आणि फायली पहाटे ४ च्या, असा बेबनाव होतो.

दुसरं मशीन कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याच रॅकमधे असेल तर तिसरी कॉपी दुसऱ्या इमारतीत पाठवाच, कारण १० मार्च २०२१ ला फ्रान्समधे स्ट्रासबर्गला ओव्हीएच या होस्टिंग कंपनीचं डेटा सेंटर जळालं तेव्हा काही गिऱ्हाइकांचे बॅकअपही त्याच आगीत गेले.

रिस्टोरचा हिशेब कागदावर मांडलाय का कधी? १ गिगाबिटच्या लाईनवर ११ टीबी परत आणायला निदान २४-२५ तास लागतात, १०० मेगाबिटवर १० दिवस. हा आकडा प्राचार्यांना आत्ताच सांगून ठेवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमधे (प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणारी कंपनी) एका इंजिनिअरच्या हातून चुकून चालू डेटाबेसचीच डिरेक्टरी उडाली, तेव्हा त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या, डंप मात्र पोस्टग्रेस या डेटाबेसच्या व्हर्जनच्या घोळामुळे बनतच नव्हता आणि फेल झाल्याचे मेलही पोचत नव्हते. वाचले ते सहा तासांपूर्वी कुणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर. माझीही फजिती सांगतो, एका ठिकाणी मी लावलेल्या स्क्रिप्टमधे डिस्क माउंट झालीय का (सिस्टिमला जोडली गेलीय का) हे तपासलंच नव्हतं, यूएसबी डिस्क निसटली आणि बॅकअप सर्व्हरच्या रूट पार्टिशनवरच (जिथे सिस्टिम असते तिथेच) जाऊन साठला, सकाळी सर्व्हर बंद. म्हणून महिन्यातून एकदा एखाद्या जुन्या पीसीवर थोडा डेटा आणि पूर्ण डेटाबेस उभा करून, लॉगिन करून बघा.

खरा रिस्टोर करायची वेळ आली तर सर्व्हर लोकांना उघडून द्यायच्या आधी ओसीसीची (नेक्स्टक्लाउडचं कमांड चालवायचं साधन) मेंटेनन्स डेटा-फिंगरप्रिंट कमांड चालवायला विसरू नका. नाहीतर प्राध्यापकांचे लॅपटॉप सिंक होतात, जुना सर्व्हर बघून त्यांच्याकडच्या नव्या फायली खुशाल पुसतात आणि तो दिवस तुमच्या कायम लक्षात राहतो. कमांड चालवली की क्लायंटला (लॅपटॉपवरच्या सिंक ॲपला) कळतं की सर्व्हर मागच्या तारखेला गेलाय, मग फार तर कॉन्फ्लिक्टच्या फायली (एकाच फाईलच्या दोन प्रती) दिसतात.

प्रश्न: बोर्ग या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने एन्क्रिप्टेड (पासफ्रेजशिवाय, म्हणजे लांब पासवर्डशिवाय, न उघडणारा) बॅकअप घेतो. पासफ्रेज नेक्स्टक्लाउडमधल्याच पासवर्ड ॲपमधे ठेवलाय. ठीक ना?

उत्तर: घराला कुलूप लावून किल्ली आत ठेवलीत की हो! बोर्गमधे एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर छापायची सोय आहे, ती छापा, पासफ्रेज हाताने दुसऱ्या कागदावर लिहा, एक ऑफिसच्या तिजोरीत आणि एक तुमच्या घरी. आजच.