३०० किलोमीटरच्या ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यावरच्या) सायकल शर्यतीत टायरमध्ये हवा किती ठेवावी?

वजन सत्तर किलोच्या आसपास आणि टायर ४० मिमीचे ट्यूबलेस असतील, तर पुढे ३० आणि मागे ३३ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करा. डांबरी रस्त्याच्या सवयीने ६० भरलेत तर दोन तासांत मनगटं बोलायला लागतील. खडीवर कडक टायर प्रत्येक दगडावरून उडतो आणि त्या उडण्यात तुमचीच ताकद वाया जाते. मऊ टायर दगडाला पोटात घेतो, उतारावरच्या वळणात पकडही देतो. मागे थोडी जास्त, कारण भार मागच्या चाकावर जास्त पडतो. सरावात दोन-दोन पीएसआयने उतरत जा. रिम दगडावर आपटून ‘ठक्’ असा आवाज आला की दोन-तीन वर चढवा, तो तुमचा आकडा. (हवा मोजायचं गेज मात्र कायम एकच वापरा, दोन गेज सहसा एकसारखं दाखवत नाहीत.)

दगड धारदार असतील तर मात्र नुसत्या हवेवर भागत नाही. अमेरिकेत कॅन्ससमधल्या अनबाउंड ग्रॅव्हल या शर्यतीचा २०० मैलांचा मार्ग फ्लिंट हिल्समधून जातो. तिथला चकमकीचा दगड टायरची कड सरळ चिरतो आणि मोठी चीर सीलंटने (टायरमध्ये भरायचा, भोक बुजवणारा द्रव) बुजत नाही. तिथे ४५ मिमीचा, जाड कडेचा टायर बरा. जवळ एवढं ठेवा:
- प्लग (टायरच्या भोकात खुपसायची पट्टी)
- एक-दोन ट्यूब
- चिरेला आतून लावायला टायरचा जाड तुकडा
- हातपंप

आणि सीलंट ताजा भरा.