स्वतः बांधलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण कसं करतात? पायलटच्या मनात तेव्हा काय चाललेलं असतं? घरच्यांना सोबत नेता येतं का?

हे प्रश्न मला विचारले गेले, आणि त्यात कॅप्टन अमोल यादव या पायलटचं उदाहरण दिलं होतं. कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं त्यांचं विमान २०१६ साली वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे, म्हणजे भारताच्या नागरी विमान वाहतूक नियामकाकडे, त्याची नोंदणी झाली आणि धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी व्हायला २०२० उजाडलं. त्यांनी विमानाचं डिझाइनही स्वतःच केलं. माझं काम त्यामानाने फार सोपं होतं. मी अमेरिकेत मिशिगनमध्ये राहतो आणि आरव्ही-९ए हे दोन सीटचं विमान किटवरून, म्हणजे तयार सुट्या भागांच्या संचावरून, गॅरेजमध्ये बांधलं. या डिझाइनची विमानं आधीच उडत होती. त्यामुळे माझ्यापुरता प्रश्न एवढाच होता, की मी बांधलेलं हे एक विमान बरोबर बांधलं गेलंय का?

याचं बरंचसं उत्तर जमिनीवरच मिळतं. एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची घरी बांधलेल्या विमानांच्या चाचण्यांसाठी एसी ९०-८९ नावाची आख्खी पुस्तिका आहे, ती जरूर वाचा. सगळ्या चाचण्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती इंधनाची. टेकऑफनंतर चढताना इंजिनला इंधन सर्वांत जास्त लागतं आणि नेमकं तेव्हाच नाक वर असतं. म्हणून विमान त्याच कोनात तिरपं उभं करायचं, कार्बुरेटरकडे जाणारी नळी सोडवून मापाच्या भांड्यात धरायची, पंप सुरू करायचा आणि घड्याळ लावायचं. पूर्ण ताकदीवर इंजिन जेवढं इंधन पितं त्याच्या १२५ टक्के तरी आलं पाहिजे. टाकी जवळजवळ रिकामी होईपर्यंत हे करायचं. मग फिल्टर उघडायचा. माझ्या फिल्टरच्या जाळीवर ॲल्युमिनियमचा बारीक चुरा आणि टाकीच्या सीलंटचे कण निघाले. नव्या टाकीत हे निघतंच. फिल्टर धुऊन पुन्हा तेच, जाळी स्वच्छ निघेपर्यंत.

अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिनची ताकद जाणं आणि हवेत विमानावरचा ताबा सुटणं ही त्यातली दोन मोठी कारणं. बांधणाऱ्याची आणखी एक अडचण असते. विमान बांधण्यात वर्षं गेलेली असतात, त्या काळात उडवणं कमी होतं आणि हात गंजतो. म्हणून मी आधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या विमानात प्रशिक्षकाबरोबर सराव केला. तो चुकवू नका.

आता मनाबद्दल. खरा धोका आपल्या जिव्हाळ्याचा असतो, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक रिव्हेट आपल्या हातचा. टेकऑफनंतर तीनशे फुटांवर इंजिन बंद पडलं तर समोर जे शेत दिसेल त्यात उतरायचं असतं, पण मन म्हणतं, वळ मागे, धावपट्टी तिथेच तर आहे, विमान वाचेल. इतक्या कमी उंचीवर तसं तीव्र वळण घेताना विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल जाऊन ते कोसळतं, आणि माणूस जातो. माझे प्रशिक्षक सांगायचे, इंजिन बंद पडलं त्या क्षणी ते विमान तुझं राहिलं नाही असं समज. धावपट्टीच्या टोकापलीकडची शेतं मी आदल्या दिवशी पायी फिरून पाहिली होती. तारा कुठे, चर कुठे, सगळं. आणि बघायला कुणाला बोलावलं नव्हतं. माणसं जमली की ‘आज नको’ म्हणणं जड जातं.

प्रत्यक्ष उड्डाणात भावनांना फारसा वेळ मिळत नाही. एकच माणूस असल्याने विमान हलकं असतं, त्यामुळे ते अपेक्षेपेक्षा लवकर उचललं जातं. डावा पंख जड वाटत होता, स्टिक थोडी उजवीकडे धरून ठेवावी लागली. (या विमानांत हे नेहमीचं आहे, नंतर एलरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या बाजूच्या हलत्या पट्टीची, मागची कड किंचित दाबून ते ठीक करता येतं.) नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला बसण्यासाठी ताकद चढी ठेवावी लागते, तर नवं विमान म्हणतं जपून चालव. दोन्ही साधायचं म्हणून विमानतळाच्या डोक्यावरच तीन हजार फुटांवर घिरट्या घालायच्या, म्हणजे इंजिन गेलं तरी तरंगत धावपट्टी गाठता येते. सिलिंडरचं तापमान चढायला लागलं तसं मी नाक थोडं खाली केलं, वेग वाढला, हवा जास्त खेळली आणि काटा स्थिरावला.

उतरण्याआधी वरच एक काम उरकायचं. वेग हळूहळू कमी करत स्टॉलची थरथर सुरू होते तिथे आपल्या वेगमापकावर कोणता आकडा दिसतो तो बघायचा. नवं वेगमापक चुकीचं दाखवत असू शकतं, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यावर विसंबता येत नाही. तुमच्या मापकावरच्या त्या आकड्याच्या १.३ पट वेग धरून उतरायचं. उतरल्यावर लगेच काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं आवरण, काढून तेल किंवा इंधन कुठे पाझरतंय का ते पाहिलं. कोरडं ठाक होतं. तेव्हा कुठे मी बायकोला फोन केला, आणि बोलता येईना इतका आनंद झाला होता.

तिला सोबत नेता आलं नसतंच. इथे चाचणीच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे साधारण उड्डाणाच्या २५ किंवा ४० तासांपर्यंत, प्रवासी नेण्यास मनाई आहे. प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर २५, नाहीतर ४०. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेरही जाता येत नाही. २०१४ पासून अटींसह दुसरा पायलट मदतीला घेता येतो, पण तोही पात्र पायलटच लागतो. तास पूर्ण करून लॉगबुकात तशी नोंद केली की मग घरच्यांना बसवता येतं.