आजीच्या ओळी आणि लॅप ३१

पत्र: मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते. गणित चांगलं, केमिस्ट्रीचं नाव काढलं की तोंड वाकडं. आम्ही नेरूळला राहतो. तिला दोन वेडं आहेत. एक परदेशातल्या खेळांचं, म्हणजे फॉर्म्युला वन, युरोपातला फुटबॉल, टेनिस. दुसरं अंतराळातल्या आणि कालप्रवासाच्या इंग्रजी मालिकांचं. स्वतः मैदानावर कधी उतरत नाही, नुसती बघते आणि एका वहीत काहीबाही लिहीत बसते. मागच्या महिन्यात पहाटे अडीचला मॅच बघताना सापडली, तेव्हा ह्यांनी ती वही कपाटात घालून कुलूप लावलं. आता म्हणते, मला यातलंच काहीतरी करायचंय. एका संस्थेचा स्पोर्ट्‌स मॅनेजमेंटचा डिप्लोमा शोधून काढलाय, फी साडेचार लाख. ह्यांचं म्हणणं, गुपचूप कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर. खेळाचं ह्यांना वावडं आहे असंही नाही, महिलांचा वर्ल्ड कप जिंकला त्या रात्री सोसायटीच्या गेटवर तेही नाचले होते. पण ‘यातलंच’ म्हणजे नेमकं काय, हे आम्हा दोघांनाही कळत नाही. वहीच्या चार पानांचे फोटो पाठवतेय. काय करावं? – एक आई, नेरूळ

ताई,

पत्र एकदा वाचलं आणि वहीची पानं चारदा. फोटो पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण नुसत्या पत्रावरून मी तुम्हाला वेगळंच उत्तर दिलं असतं.

आधी कडू बोलून घेतो. बघणं ही काही पात्रता नव्हे. ठाण्यातल्या माझ्या ऑफिसात दर आठवड्याला एक तरी मुलगा येतो आणि ‘सर, स्पोर्ट्‌स इज माय लाइफ’ म्हणतो. मी विचारतो, बरं, मग तू काय करतोस? तो टी-शर्टवरचं नाव दाखवतो. मालिकावेड्यांचंही तेच. कुठल्या भागात कोण मेलं, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्यात काही वाईट नाही. १९८६ साली मेक्सिकोतला फुटबॉलचा वर्ल्ड कप बघायला मी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर रात्री-बेरात्री जाऊन बसायचो आणि त्यातून माझं काडीचं करिअर झालं नाही. आनंद मात्र झाला, अजून होतो. तेवढाच हिशेब असेल तर तो तेवढाच ठेवावा.

तुमच्या लेकीचं तसं नाही, हे मला पहिल्याच पानावर कळलं.

ते पान एका शर्यतीचं आहे. उभे रकाने गाड्यांचे, आडव्या ओळी लॅपच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या फेऱ्यांच्या, आणि जागोजागी रंगीत ठिपके. हे ठिपके टायरचे, हे तुमच्या यजमानांना सांगा. लाल म्हणजे मऊ, पिवळा मधला, पांढरा कडक. मऊ टायर जोरात पळतो पण लवकर झिजतो. कडक टिकतो, पण वेग कमी देतो. कोरड्या शर्यतीत किमान दोन प्रकारचे टायर वापरायलाच लागतात, म्हणून प्रत्येक गाडीला एकदा तरी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या गल्लीत, यावं लागतं. चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद पुरतात. २०२३ साली कतारमध्ये मॅक्लारेन संघाच्या माणसांनी चारही चाकं १.८० सेकंदांत बदलली होती. पण त्या गल्लीतून वेगमर्यादा पाळत जायचं-यायचं, त्यात एकूण वीसेक सेकंद जातात. मग थांबायचं कधी? आधी थांबलं तर ताज्या टायरचा वेग मिळतो, पण बाहेर पडताना दुसऱ्याच्या मागे अडकायला होतं. उशीर केला तर झिजलेल्या टायरवर दर लॅपला वेळ गळत राहतो. हा प्रश्न तुमची मुलगी वहीत सोडवत बसली आहे. घोषणा नाहीत, बदामाची चित्रं नाहीत, नुसते आकडे. आणि लॅप ३१ समोर लाल पेनाने: ‘इथेच बोलवायला हवं होतं. गाढव.’

हे बघणं नव्हे. हे संख्याशास्त्र आहे, फक्त त्याला ते नाव आहे हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

यजमान गेटवर नाचले ती २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. तुमच्या नेरूळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवरची फायनल, आणि पावसामुळे ती दोन तास उशिरा सुरू झाली होती. तोच पाऊस दक्षिण आफ्रिकेच्या डावात आला असता आणि षटकं कमी करावी लागली असती, तर जिंकायला किती धावा हव्यात हे मैदानावरच्या कुणी ठरवलं नसतं. ते एका सूत्राने ठरवलं असतं. त्या सूत्राची गोष्ट १९९२ च्या वर्ल्ड कपात सुरू होते. सिडनीच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. पाऊस आला, थांबला, आणि त्या वेळच्या नियमाने हिशेब निघाला १ चेंडूत २१ धावा. सगळं जग हळहळलं. फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी मात्र हळहळण्यावर न थांबता कागद-पेन्सिल घेतली. हातातली षटकं आणि हातातल्या विकेट, दोन्ही मिळून संघाची शिल्लक, असा त्यांनी विचार केला. १९९७ पासून त्यांची पद्धत आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आली. यातला डकवर्थ पोटासाठी अणुऊर्जा क्षेत्रात काम करायचा. आपल्याकडे केरळात व्ही. जयदेवन नावाच्या सिव्हिल इंजिनिअरने याच प्रश्नाला आपलं वेगळं उत्तर शोधलं, आणि ते भारतातल्या देशांतर्गत सामन्यांत वापरलंही गेलं. या माणसांपैकी कुणीही ‘मला क्रिकेटमध्येच काहीतरी करायचंय’ म्हणून क्रिकेटचा डिप्लोमा केला नव्हता. जवळ एक पक्कं कसब होतं आणि डोक्यात खेळ होता, एवढंच.

म्हणून ते साडेचार लाख तूर्त बँकेत राहू द्या. डिप्लोमावाल्यांकडे जायचंच असेल तर एकच विचारा: मागच्या दोन बॅचची मुलं आज नेमकी कुठे काम करतात, नावानिशी सांगा. त्यांनी चकचकीत माहितीपत्रक पुढे केलं तर चहा प्यायचा आणि हार्बर लाइन पकडून घरी यायचं. खेळाच्या धंद्यात नोकऱ्या आहेत: संघांचे विश्लेषक, प्रक्षेपणासाठी आकडे पुरवणाऱ्या कंपन्या, स्पर्धांचं आयोजन. पण जागा थोड्या, बऱ्याचशा कंत्राटी, आणि काम नेमकं जग सुट्टीवर असताना. अशा ठिकाणी ‘मला खेळ आवडतो’ म्हणणाऱ्यांची रांग लांब असते. गणित येणाऱ्यांची आखूड.

यजमानांचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग चुकीचं नाही. पण केमिस्ट्री ढकलत सीईटीच्या रेट्यात मिळेल ते कॉलेज घ्यायचं, त्यापेक्षा मी तिला संख्याशास्त्राकडे वळवीन. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची बी. स्टॅट. आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, दोन्हींच्या प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात आणि कठीण असतात. पाठांतर तिथे उपयोगाचं नाही, गणित खरोखर आवडावं लागतं. जुने पेपर आणून एका रविवारी तिच्यासमोर ठेवा. दोन तासांनी ती वैतागून उठते की जेवायला हाक मारली तरी उठत नाही, तेवढं बघा. तुम्हाला उत्तर मिळेल, मला फोन करायची गरज पडणार नाही. तिथे नाही जमलं तरी माटुंग्याचं रुईया किंवा रुपारेल आहे, बी. एस्सी. संख्याशास्त्र. कुर्ल्याला गाडी बदलायची, बस्स. पदवीसोबत प्रोग्रॅमिंग शिकायचंच, त्यात सूट नाही. म्हणजे यजमानांच्या मनातलं कॉम्प्युटरही त्यात आलं.

आता तिसरं आणि चौथं पान. खरं सांगू? मला ही जास्त आवडली.

वर लिहिलंय ‘आजीसाठी’. फोटोसोबतच्या चिठ्ठीत तुम्ही कळवलंय की दुपारी आजी तिच्या शेजारी बसते, इंग्रजी कळत नाही, म्हणून ही आधीच मराठी ओळी लिहून ठेवते आणि बघता बघता वाचून दाखवते. हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंय, जणू धुणं वाळत घातलं. स्टार ट्रेक या मालिकेत माणसं यानातून नाहीशी होतात आणि थेट ग्रहावर अवतरतात. त्यासाठी तिने आधी ‘टेलिपोर्ट’ लिहिलं, खोडलं. मग ‘अंतर्धान पावून प्रकट होणे’ लिहिलं, तेही खोडलं आणि कडेला शेरा मारला: ‘आजीला नारदमुनी वाटेल’. शेवटी ठेवलंय: ‘इथून पुसलं, तिथे उमटलं.’ ताई, पंचवीस वर्षं मुलांचे अर्ज आणि निबंध तपासतोय, ‘उमटलं’सारखा शब्द मला सुचला नसता.

(जाता जाता: ती युक्ती मुळात पैसे वाचवायला काढलेली होती. १९६६ साली मालिका सुरू झाली तेव्हा दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं. म्हणून माणसंच उमटवली. हे आजीला नक्की सांगा. आपल्या पिढीला काटकसरीची कदर असते.)

मालिका चालू असताना पडद्याच्या तळाशी ज्या ओळी येतात, म्हणजे सबटायटल्स, ते लिहिणं आज रीतसर काम आहे. एका वेळी दोनच ओळी, एकेका ओळीत साधारण चाळीस अक्षरं, आणि पात्राचं बोलणं संपेपर्यंत वाचून व्हायला हवं. अर्थ पोचला पाहिजे आणि वाक्य छाटलंही पाहिजे. मार्क ओक्रँड हा अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नेमक्या याच क्षेत्रातला, कर्णबधिरांसाठी टीव्हीवर ओळी देणाऱ्या संस्थेत नोकरीला होता. १९८२ च्या ऑस्कर सोहळ्याच्या ओळींचं काम करायला लॉस एंजेलिसला गेला असताना त्याची स्टार ट्रेकच्या मंडळींशी गाठ पडली. आधी सिनेमातले चार संवाद घडवून दिले, पुढे क्लिंगॉन ही आख्खी भाषा तयार केली, व्याकरणासकट. लोकांनी ती शिकून घेतली! आणि आपल्याकडे जयंत नारळीकर. खगोलशास्त्रज्ञ म्हणून नाव झालेलं असताना १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. खगोलशास्त्र सुटलं नाही आणि कथाही सुटली नाही.

या दुसऱ्या वाटेसाठी तिला आत्ता कुठलीही पदवी शोधू नका. भाषेचं काम पदवीशिवाय सुरू होतं, आणि तिचं ते सुरूच आहे. पुढे वाटलं तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाचं एम. ए. आहे. वाटलं नाही तर आजी आहेच. त्या ओळींचे पैसे व्हायलाच हवेत असंही नाही. पालक हल्ली मुलांच्या प्रत्येक आवडीला ‘याचं पुढे काय’ म्हणून भाव विचारतात, त्याची मला मनापासून चीड आहे.

उरला रात्रीचा प्रश्न. इथे मी निम्मा तिच्या बाजूने आहे. युरोपातल्या बहुतेक फॉर्म्युला वन शर्यती आपल्याकडे रविवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास लागतात. अभ्यास करून सुखाने बघता येतात, त्यावरून भांडू नका. भांडण फुटबॉलचं आहे. चॅम्पियन्स लीगचे हिवाळ्यातले सामने आपल्या घड्याळात रात्री दीडला सुरू होतात, आणि बाद फेरी येते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन बोर्डाच्या तोंडावर. तेव्हा तिच्याशी सरळ सौदा करा: परीक्षा संपेपर्यंत रात्रीचा फुटबॉल बंद, सकाळी चहाबरोबर दहा मिनिटांचे हायलाइट्‌स. निकाल आधी कुणी सांगायचा नाही, हे यजमानांनीही पाळायचं. सौदा तिच्याकडूनच लिहून घ्या. तिला नियम लिहायला आवडतात असं दिसतंय. परीक्षेनंतरच्या सुट्टीत जवळपासच्या एखाद्या क्रिकेट स्पर्धेत तिला स्कोअररशेजारी बसवा. उन्हात सहा तास एकही चेंडू न चुकवता नोंद ठेवणं म्हणजे काय, हे सोफ्यावर बसून कळत नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशन स्कोअररची परीक्षा घेते, गोडी लागली तर तीही देता येईल. आणि नाही लागली, तरी एक दिवस ऊन खाल्लं, बिघडलं काय?

वही आजच कपाटातून काढा. द्यायची मात्र यजमानांनी स्वतः, तुमच्या हातून नको. आणि देताना माझा एक निरोप सांगायला सांगा. लॅप ३१ बद्दल मला ती चुकली असं वाटतं. पिटमध्ये २२ सेकंद जातात हे तिनेच कोपऱ्यात लिहिलंय, आणि मागची गाडी त्या वेळी १९ सेकंदांवर होती हेही तिच्याच रकान्यात आहे. तेव्हा ड्रायव्हरला बोलावलं असतं तर तो बरोब्बर त्या गाडीच्या मागे बाहेर पडला असता. माझ्या मते ३४ पर्यंत थांबायला हवं होतं. गाढव कोण, ते तिने आकड्यांनिशी कळवावं.