हेलसिंकीत दोन दिवस: मुलं, आई आणि समुद्र

तुम्ही विचारलंय की जुलैतल्या शनिवार-रविवारी पाच आणि नऊ वर्षांच्या मुलांना आणि शाकाहारी आईला घेऊन हेलसिंकीत काय बघावं, आणि त्यातच समुद्रापलीकडची एस्टोनियाची राजधानी टॅलिन उरकता येईल का. मी शेजारच्या एस्पोत राहते आणि पाहुण्यांना फिरवणं हे माझं आवडीचं काम आहे, म्हणून स्पष्टच सांगते: टॅलिन सोडा. बोटीला एका बाजूने दोन तास लागतात, शिवाय चढण्या-उतरण्याच्या रांगा. तेवढ्यात हातातली हेलसिंकी निसटून जाईल.

शनिवार पूर्ण सुओमेनलिन्नाला द्या. स्वीडिश राजवटीने 1748 मध्ये रशियाच्या धाकाने बांधायला घेतलेला हा बेटांवरचा जलदुर्ग 1991 पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक जण तासाभरात तटबंदी बघून परततात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. तिथे आजही लोक राहतात, वस्तीतून वाटा जातात, गवतावर डबा उघडून बसता येतं. काउप्पातोरी म्हणजे बंदरावरच्या बाजारचौकातून बोट सुटते आणि साधारण पंधरा मिनिटांत पोचवते. ट्रामचं तिकीट बोटीलाही चालतं. सात वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, म्हणजे धाकट्याचा प्रवास फुकटच. दिवसाचा पास घेतलात तर सोयीचं.

नऊ वर्षांच्या मुलाला वेसिक्को पाणबुडी नक्की दाखवा. उन्हाळ्यात आत जाता येतं आणि एवढ्याशा नळीत माणसं कशी राहायची ते लगेच कळतं. तटातल्या बोगद्यांत अंधार असतो, मोबाइलचा टॉर्च लागेल. दोन गोष्टी सांभाळा. तटाच्या कडांना बऱ्याच ठिकाणी कठडा नाही, धाकट्याचा हात सोडू नका. आणि वाटांवरचे गोटे मोठे, उंचसखल आहेत, आईंना चांगल्या सोलचे बूट हवेत. पार टोकाच्या किंग्ज गेटपर्यंत चालवलं तर त्या दमतील. उन्हाळ्यात तिथूनही शहरात परतायला खासगी बोट मिळते, फक्त तिचं तिकीट वेगळं.

किनाऱ्यावर मुलांना पाण्यात हात घालून जिभेला लावायला सांगा. बाल्टिकचं पाणी इथे जेमतेम खारट आहे आणि भरती-ओहोटी जवळपास नाहीच. कोकणचा समुद्र पाहिलेल्या पोरांना हे पटतच नाही.

खाण्याचं म्हणाल तर बाजारचौकात तळलेले मुइक्कू मिळतात, मांदेलीसारखे काट्यासकट खायचे. हातातला कागदी द्रोण मात्र सीगलपासून जपा, ते झडप घालतात. आईंसाठी जुलैत मटाराच्या ताज्या शेंगा आणि स्ट्रॉबेरी लिटरच्या मापाने विकायला असतात. इथले लोक शेंगा सोलून कच्चेच दाणे खात चालतात. कारेलियन पाय म्हणजे राईच्या पातळ पारीत शिजवलेला भात, पण त्यावर अंडं घातलेलं लोणी लावतात, ते नको म्हणून आधी सांगा. कोर्वापूस्ती या दालचिनीच्या बनात वेलदोडाही असतो. आई अंडं अजिबात खात नसतील तर विचारूनच घ्या.

रविवारी सकाळी ओदी ग्रंथालय. डिसेंबर 2018 मध्ये, फिनलंडच्या स्वातंत्र्याच्या शंभरीची भेट म्हणून उघडलेलं, बरोबर संसदेसमोर. सभासदत्व लागत नाही, कोणी हटकत नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर मुलांची पुस्तकं आणि खेळायला जागा आहे, मधल्यावर शिवणयंत्रं आणि थ्रीडी प्रिंटर. उन्हं असतील तर गच्चीवर बसा. करातून उभारलेली इतकी देखणी जागा सगळ्यांना खुली आहे, हे मुलांना मुद्दाम सांगा.

दुपारी लिन्नानमाकी. या मनोरंजन उद्यानात शिरायला पैसे नाहीत, राइडचे लागतात. 1951 चा लाकडी रोलरकोस्टर अजून धावतो. त्याच्या प्रत्येक गाडीत मागे एक माणूस उभा राहून ब्रेक सांभाळतो, ते खालून बघायलाही मजा येते. विमान रात्रीचं असेल तर मुख्य स्टेशनवरून विमानतळाला ट्रेनने अर्धा तास धरा, आणि तिकीट ए, बी, सी या तिन्ही झोनचं (एबीसी) काढा, फक्त ए आणि बी झोनचं (एबी) तिथवर चालत नाही.